तिच्या डोक्याचा एमआरआय

माझ्या पत्नीच्या डोक्याचा एमआरआय माझ्यामुळे काढला गेला. डॉक्टरांची त्यात काहीही चूक नव्हती. एवढी साधी गोष्ट मी वीसहून अधिक वर्षे लपवून ठेवली, आणि घरी तो किस्सा रंगला की सर्वांबरोबर हसतही राहिलो.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आम्ही पुण्याहून बंगळूरला आलो. बनशंकरीत भाड्याचे घर मिळाले. वरच्या मजल्यावर घरमालकीण राहत. सारी गल्ली त्यांना अक्का म्हणे. पत्नीला मराठीखेरीज जेमतेम हिंदी येई, त्यामुळे भाजीवाल्यापासून बँकेपर्यंत तिचे म्हणणे मीच पोहोचवीत असे. त्याचा मला अभिमानही होता.

एका सकाळी ती माझ्याकडे पाठ करून, कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली, "अहो, छातीतून काहीतरी पाझरतंय. डॉक्टरकडे जायला हवं."

मी तत्परतेने "जाऊ" म्हणालो. काय पाझरते, कुठल्या बाजूने, केव्हापासून, यांतले काहीच विचारले नाही. लग्नाला चार वर्षे झाली होती, तरी दिवसाउजेडी असे प्रश्न माझ्या तोंडून निघेनात.

जे. पी. नगरमधले डॉक्टर साठीचे, अतिशय सभ्य, आणि दुर्दैवाने माझ्याहूनही लाजाळू होते. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत त्यांनी मला इंग्रजीत विचारले, "एका बाजूने, की दोन्ही?"

ती शेजारीच बसली होती. तिला विचारायला दोन क्षण पुरले असते. मी म्हणालो, "दोन्ही."

"रंग?"

तिथून दुसरे काय येणार, असा माझा तर्क. "मिल्कसारखा," मी ठामपणे सांगितले.

"काय विचारतायत?" ती कुजबुजली.

"राहता कुठे, ते."

"मग मिल्क कशाला म्हणालात?"

"दूध कुठून घेता, तेही विचारलं."

"भलतेच चौकस आहेत," ती म्हणाली.

तपासून पाहू का, असे डॉक्टरांनी कॅलेंडरला विचारले. पत्नी फार संकोची आहे, असे मी सांगितले, आणि आम्ही दोघे पुरुष सुटकेचा श्वास टाकून खुर्चीत मागे टेकलो.

दोन्ही बाजूंनी दूध येत असेल, तर मेंदूच्या तळाशी असलेल्या एका छोट्या ग्रंथीत गाठ असू शकते, हे त्यांनी मला नीट समजावले. शास्त्र अचूक होते. माहिती तेवढी माझी होती. रक्तातले एक संप्रेरक "स्वल्प जास्त" निघाले, आणि डोक्याचा एमआरआय ठरला.

"अहो, दुखणं इथं, आणि डोकं कशाला बघतायत?"

"सगळं डोक्यातूनच चालतं," मी म्हणालो.

अर्ध्या तासाने ती बाहेर आली ती कान चोळतच. "मसाल्याच्या डंकात डोकं घातल्यासारखं वाटलं," म्हणाली. अहवाल निर्दोष आला. मेंदू उत्तम आहे, असे मी तिला वाचून दाखवले.

"ते मला ठाऊकच होतं. तुमचा काढून बघायला हवा होता."

मेंदू उत्तम निघाला, पण पाझर थांबला नाही. डॉक्टरांच्या त्या पहिल्या भेटीनंतर तीन आठवड्यांनी दोरीवर वाळणारा तिचा ब्लाउज अक्कांनी पाहिला. डाग एकाच बाजूला होता, आणि तांबूस होता. दुसऱ्याच दिवशी त्या तिला एका डॉक्टरबाईंकडे घेऊन निघाल्या. मीही चपला घालू लागलो, तेव्हा दारातच मला म्हणाल्या, "तुम आफीस जाओ, सार."

डॉक्टरबाईंनी तेच प्रश्न साध्या हिंदीत थेट तिलाच विचारले. फक्त डावीकडून, रक्तासारखे, आपोआप, असे तिने पाच मिनिटांत सांगितले. सोनोग्राफीत काही सापडेना, म्हणून या खेपेस छातीचा एमआरआय ठरला. तो प्रकार शहरात तेव्हा नवाच होता. तिला पालथे झोपवले, दंडातून औषध सोडले. बहुधा साधी गाठ असेल, पण कर्करोगही असू शकतो, हे डॉक्टरबाईंनी मला आधीच सांगितले होते. बाहेरच्या बाकावर मी तेवढ्या एकाच वाक्यासोबत बसलो. माझ्या त्या "दोन्ही"ने तीन आठवडे घालवले होते, आणि ते कदाचित तिच्या आयुष्यातून घालवले होते.

डावीकडच्या एका नलिकेत तिळाएवढी गाठ चमकली. ती काढली. निरुपद्रवी होती.

त्यानंतर तिने सारा दोष त्या वृद्ध डॉक्टरांच्या माथी मारला. कबुली द्यायची म्हणून मी अनेकदा "अगं, ऐक ना," अशी सुरुवात केली, आणि प्रत्येक वेळी वाक्य "चहा टाकू का?" असे संपले. "हल्ली फार चहा होतोय तुमचा," ती म्हणे.

मागच्या वर्षी व्हाइटफील्डहून पुतण्या आणि त्याची बायको जेवायला आले. किस्सा पुन्हा रंगला.

"मूर्ख म्हातारा! दुखणं छातीचं, फोटो डोक्याचा!"

"पण काकू, त्यांनी काही विचारलंच नाही?" सुनेने विचारले.

"एका अक्षरानं नाही."

"विचारलं होतं," मी म्हणालो.

"काय पुटपुटताय? मोठ्यानं बोला."

मी हातातला घास ताटात ठेवला.

"त्यांनी विचारलं होतं. मला विचारलं होतं. मला काही माहीत नव्हतं आणि तुला विचारायची लाज वाटली, म्हणून मी मनानंच उत्तरं ठोकली. त्या भल्या माणसाला इतकी वर्षं बोल लावू दिला. तुला काही झालं असतं, तर ते माझ्यामुळे झालं असतं. माझं फार चुकलं गं. मला माफ कर."