पाळीखालची टोली

"मॅडम, या तलावाखाली टोली कोणाची आहे?"

मोठ्या साहेबांनी माझा कागद वर धरून विचारलं. सभागृहात वीस-बावीस माणसं. मी गावाचं नाव सांगितलं.

"गाव नाही विचारलं. टोली कोणाची?"

सगळ्यांना माहीत होतं. तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, चाळीसेक घरांची वस्ती, सगळी बौद्धांची.

"म्हणूनच तलाव लाल रंगात," साहेब शेजारच्याला म्हणाले. "पाहुणे असतील मॅडमचे. पाहुण्यांचा धोका मोठा दिसणारच."

लोक हसले. मोठ्यानं कोणी नाही. चहा पिता पिता हसले. मी बिस्किटांच्या बशीकडे बघत बसले.

त्या पाटबंधारे कार्यालयात मी अकरा महिन्यांच्या करारावर होते. अर्जुनी मोरगावकडचे जुने तलाव आमच्याकडे. त्या वर्षी वरून नवा तक्ता आला. प्रत्येक तलावाला धोका काय, तो घडण्याची शक्यता किती, घडला तर नुकसान कोणाचं, उपाय काय. मग रंग. हिरवा, पिवळा, लाल. तक्ता इंग्रजीत होता. कॉन्व्हेंटात शिकलेली मी एकटीच, म्हणून तो माझ्या टेबलावर आला. त्याआधी गेल्या वर्षीचा कागद काढायचे, तारीख बदलायचे, "धोका: निरंक" लिहायचे. तलाव बघायला कोणी जात नव्हतं.

मी गेले. शाखा अभियंता मला घेऊन गेले. निवृत्तीला आलेले, आमच्याच समाजाचे. बाहेर भेटले की "जय भीम, बेटा" म्हणायचे, ऑफिसात फक्त नमस्कार. ते मला खटकायचं, तरी मी त्यांना काका म्हणायचे. बघायला त्यांनीच शिकवलं. पाळीच्या पायथ्याशी पाणी झिरपत होतं. टोलीतल्या एका बाईकडून त्यांनी काचेचा ग्लास मागितला, ते पाणी त्यात घेतलं, उन्हात धरलं.

"निवळ राहिलं तं भेव नाही. हे गढूळ आहे. म्हणजे पाळीतली माती आतून जाऊन राहिली. लिही, लाल."

ग्लास परत घेताना बाईनं विचारलं, "काय निंगालं, मॅडम?"

"दुरुस्ती होईल," मी म्हटलं. मी शब्द दिला.

सभेत काका माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून होते. साहेबांनी त्यांना विचारलं, "तुम्ही पाहिला पाझर?"

काकांनी चष्मा पुसला. "ओल आहे साहेब, थोडीशी. पोरगी नवीन आहे. घाबरली."

साहेबांचं बोलणं मी सोसलं होतं. हे सोसलं नाही.

दुपारी काकाच नवा तक्ता घेऊन आले. तलाव हिरवा. खाली पाहणी करणारी म्हणून माझं नाव. पाहणी दोघांनी केली होती. नाव एकटीचं.

"सही कर बेटा. तुझी ऑर्डर पुढच्या महिन्यात संपून राहिली. कायले वाकडं घेतेस?"

"काका, पाळ फुटली तर?"

"फुटन तवा पाहू. तोवर मी रिटायर."

मी लहानपणापासून न बोलणारी. शाळेत कोणी आडनाव विचारलं की बुटांकडे बघायची. इंग्रजी चांगलं केलं की कोणी विचारणार नाही, असं वाटायचं. इथे तक्ता भरायला माझं इंग्रजी लागलं आणि तो फेकायला माझं आडनाव.

"मी नाही करत सही." तक्ता त्यांच्याकडे परत सरकवला.

मग मराठीत एक पानाचं पत्र लिहिलं. कोणत्या दिवशी, कुठे, पाणी कसं होतं, सोबत कोण होतं. काकांचं नाव लिहिलं. पत्र आवक टेबलावर दिलं.

बाबू म्हणाला, "काऊन फसून राहिल्या मॅडम? इथं नोका देऊ."

"शिक्का मारा. माझ्या प्रतीवरही."

मारला त्यानं.

माझी ऑर्डर वाढली नाही. पाळ अजून फुटलेली नाही. दुरुस्तही झालेली नाही. टोलीत जाऊन त्या बाईला सांगितलं, माझा शब्द खोटा ठरला. तिनं मला बसायलाही सांगितलं नाही. बरोबर केलं.

आता मी फुलचूरला शिकवण्या घेते आणि माहितीच्या अधिकारात अर्ज टाकते. एका वेळी एक तलाव. पाहणी कोणी केली, कधी केली, सही कोणाची. पहिल्याच उत्तरात कळलं, त्या हिरव्या तक्त्यावर शेवटी काकांनी सही केली.

ते आता निवृत्त आहेत. समाजाच्या कार्यक्रमात मंचावर बसतात. लोक मला म्हणतात, आपल्याच माणसाला कशाला उघडं पाडतेस. त्यांनी सही केलेल्या बाकी तलावांचा अर्ज लिहून झाला आहे. सोमवारी टाकणार.