राजांची जोडी

आमटीसाठी चिंच कोळताना एक चिंचोका बोटांत आला आणि पुण्यात वारज्याच्या फ्लॅटमधल्या आमच्या छोट्या ऑफिसातली ती दुपार आठवली. लक्ष्मीपूजनाला ऑफिसात कुणी थांबायचं, हे मी, आमचा टीम लीड आणि टीममधली एक मुलगी, असे आम्ही तिघं पोकर खेळून ठरवत होतो. पैशांऐवजी चिंचोके, शेवटी ज्याच्याकडे सगळ्यांत कमी, तो थांबणार. तिचं नागपूरचं तिकीट काढलेलं होतं, माझं सोलापूरचं. पंधरा दिवस जेवणाच्या सुट्टीत खेळून मी दोघांना पुरतं ओळखलं होतं. आमचा लीड हातात काही नसतानाही चिंचोके लावत सुटायचा. ती मात्र चांगले पत्ते आल्याशिवाय कधीच पुढे जायची नाही. शेवटच्या डावात लीडने माघार घेतली. माझ्याकडे राजांची जोडी होती. तिने आपले सगळे चिंचोके मधोमध सरकवले. "होऊ द्या सावकाश, दिवाळी काय, पुढच्या वर्षीही येते," लीड म्हणाला. ही एवढं लावतेय म्हणजे हातात नक्कीच मोठं काहीतरी आहे, असं ठरवून मी राजे टाकून दिले. तिने पत्ते दाखवले. साधी जोडीसुद्धा नव्हती, आणि सगळ्यांत कमी चिंचोके माझ्याकडेच उरले होते. "पक्की खात्री असल्याशिवाय तू पुढे येतच नाहीस," ती शांतपणे म्हणाली, "पंधरा दिवस बघतेय." मी दोघांचा खेळ वाचत होतो, माझाही कुणी वाचत असेल, हे डोक्यातच आलं नव्हतं. आत्ता बाहेरच्या खोलीतून तिचाच आवाज आला, "आमटीत मीठ विसरलास ना?" मी झाकण काढून चव घेतली. विसरलो होतो.