कच्चा माल, नग एक

बाई बावीस वर्षं तिसरीला गणित शिकवत होत्या, तरी घरात अकुशल म्हणाल तर त्या एकट्याच. नवऱ्याकडे लिफ्टदुरुस्तीचं प्रमाणपत्र होतं, नणंदेकडे शिवणकामाचं, आणि सासूबाईंकडेसुद्धा कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्यातलं खोकी भरण्याचं होतं. बाईंना त्याचं कधी काही वाटलं नव्हतं.

मग शाळेत परिपत्रक आलं. ज्यांच्याकडे कौशल्याचं प्रमाणपत्र नाही त्यांना अकुशल समजावं, आणि रोज दोन तास भटकी कुत्री मोजायला पाठवावं. बाईंनी आठ दिवस कुत्री मोजली. कुत्रं एका जागी बसेल तर शपथ. एकेक तीनतीनदा मोजलं जाई. इकडे वर्गात अर्ध्या मुलांनी हातचा भलत्याच घरात मांडायला सुरुवात केली. वह्या तपासताना ते दिसलं आणि बाईंनी कौशल्य चाचणी केंद्रात अर्ज टाकला.

व्यवसायांच्या यादीत वेल्डर होता, गवंडी होता, फिटर होता. शिक्षक नव्हता. खिडकीतल्या कारकुनाने ‘इतर’वर खूण केली आणि हत्यार कोणतं ते विचारलं. बाई म्हणाल्या, खडू. कच्चा माल काय लागेल? बाईंनी जरा विचार केला आणि ज्याला येत नाही असा एक माणूस लागेल, असं सांगितलं. कारकुनाने मान वर न करता लिहिलं, ‘माणूस, न येणारा, नग एक’. वर ताकीदही दिली, की माल केंद्र पुरवेल, घरून आणलेला चालणार नाही.

चाचणीच्या दिवशी बाईंना दोन नंबरचं टेबल मिळालं. एकवर गवंडी विटा रचत होता, तीनवर फिटर पत्र्याला भोकं पाडत होता. परीक्षकांनी तीस वर्षं वेल्डिंगचे सांधे तपासले होते. गळ्यात जाडी मोजायचा कॅलिपर लटकत होता. त्यांनी शिपायाला माल आणायला पाठवलं. अर्ध्या तासाने तो हात हलवत परत आला. टायपिस्टबाईंना विचारलं, पहारेकऱ्याला विचारलं, सगळ्यांना सगळं येतं म्हणे. साहेबांना विचारायची त्याची छाती झाली नव्हती.

घोडं तिथेच अडलं. मालावाचून चाचणी सुरू होईना, आणि उमेदवार समोर हजर असल्यामुळे ती रद्दही करता येईना.

एवढ्यात स्टोअरकीपर ड्रिलला लावायचा बिट घेऊन आला. फिटरने एक छेद चार इंचाचा मागितला होता, ह्याने एक छेद आठचा आणला. तिसऱ्यांदा. फिटरने कपाळाला हात लावला. बाईंनी स्टोअरकीपरला जवळ बोलावून विचारलं, ह्या दोन्हींत मोठा कोणता? तो म्हणाला, अर्थातच आठचा, चारापेक्षा आठ मोठे.

बाई परीक्षकांकडे वळल्या. “माल मिळाला,” त्या म्हणाल्या.

स्टोअरकीपर दुखावला. पंधरा वर्षं तो ते स्टोअर सांभाळत होता. बाईंनी त्याला खुर्ची दिली. मी काही सांगणार नाही, फक्त विचारीन, म्हणाल्या. कोऱ्या अर्जाची एक पट्टी फाडून त्याच्या हातात दिली आणि घडी घालायला लावली. एक घडी, दोन तुकडे. दुसरी घडी, चार. तिसरी, आठ. मग एक तुकडा चारांतला आणि एक आठांतला दाखवायला सांगितला. त्याने दोन्ही तुकडे बोटांनी मापून पाहिले.

“म्हणजे इतकी वर्षं मी उलटंच देत होतो,” तो हळूच म्हणाला.

“तुमचा नियम विटा मोजायला बरोबर आहे,” बाई म्हणाल्या. “तुकड्यांना तो चालत नाही. फार जणांचं असंच होतं.”

त्याचा चेहरा उजळला. आता कळलं, म्हणाला; खालचा आकडा मोठा तेवढा बिट बारीक. परीक्षक शेरा लिहायला सरसावले, पण बाईंनी त्यांना थांबवलं आणि स्टोअरकीपरला विचारलं, तीन छेद आठ आणि एक छेद चार, ह्यांत मोठा कोणता? त्याने बेधडक एक छेद चार सांगितलं. परीक्षकांना वाटलं, माल बिघडला. बाईंचा चेहरा मात्र खुलला. ह्या चुकीचीच त्या वाट बघत होत्या. पहिली चूक उठली की ही तिच्या जागी येऊन बसते, आणि ती आज बाहेर पडली नसती तर पुढच्या आठवड्यात फिटरच्या डोक्यावर पडली असती. त्यांनी पट्टीचे आठातले तीन तुकडे खडूने रंगवायला लावले आणि शेजारी तेवढ्याच दुसऱ्या पट्टीचा चारातला एक ठेवायला सांगितला. त्या एकात असले दोनच बसतात, हे त्याने स्वतः मोजलं. मग कुणी न सांगता उठला, स्टोअरमधून पाच छेद सोळाचा बिट आणला, पट्टीला चौथी घडी घातली आणि तो त्या दोन मापांच्या बरोबर मधे ठेवला.

आता तयार माल तपासायचा होता. कॅलिपरने स्टोअरकीपरचं कपाळ मोजण्यात आलं. मापात फरक नाही. पुढे नियमानुसार मालावर हातोड्याचे तीन घाव घालायचे होते. परीक्षक हातोडा घेऊन विचारात पडले. शेवटी त्यांनी हातोडा उगारूनच तीन अवघड प्रश्न विचारले. स्टोअरकीपरने डोळे गच्च मिटून तिन्ही बरोबर सांगितले.

पास झालेला माल तीन महिने स्टोअरमध्ये जमा राहतो. म्हणून स्टोअरकीपरने स्वतःची पोच स्वतःच लिहिली, ‘माल सुस्थितीत मिळाला’, आणि खाली सही केली. रोज संध्याकाळी बायको फाटकावर येऊन त्याला परत करण्याच्या अटीवर घरी नेई आणि सकाळी आणून सोडी.

प्रमाणपत्र महिन्याने आलं. व्यवसायाच्या रकान्यात ‘दुरुस्ती (इतर)’ असं होतं. सासूबाईंनी ते दोनदा वाचलं आणि आपल्या प्रमाणपत्रावरचा शिक्का जास्त ठसठशीत असल्याचं सांगितलं. शाळेत मुख्याध्यापकांनी बाईंचं नाव कुत्र्यांच्या यादीतून काढलं. त्या जागी माणूस हवाच होता, आणि प्रमाणपत्र तर खुद्द मुख्याध्यापकांकडेही नव्हतं.

बाई वर्गात परतल्या. हातचे जागेवर आणायला त्यांना अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने वजाबाकी अशी काही चुकवली, की बावीस वर्षांत बाईंनी तसली पाहिली नव्हती. त्यांनी वही दोनदा उलटीसुलटी करून पाहिली. मग मुलीला सरकायला सांगून त्या तिच्या शेजारी बाकावर बसल्या.

“हे कसं केलंस ग,” त्या म्हणाल्या, “मला नीट सांग.”