फाइल कोणत्या व्हर्जनची

मस्तगडला माझं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. डिझाइन मुलगी करायची, कागद आणि छपाई मी बघायचे. दोन वर्षांपूर्वी तिचं लग्न झालं, ती नाशिकला गेली आणि डिझाइनही माझ्याच गळ्यात आलं. तिने केलेल्या फायली माझ्या कॉम्प्युटरवर उघडत नसत. मी त्या तिला पाठवायचे, ती जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह करून परत पाठवायची. त्या निमित्ताने फोन व्हायचा. एरवी तिला वेळ नसतो, आणि कामाशिवाय फोन करणं मला जमत नाही.

एका सोमवारी पिंपळगाव रेणुकाईचे एक गृहस्थ आले. थोरलीची पत्रिका आमच्याकडेच छापलेली, धाकटीची तशीच हवी होती. फाइल उघडेना. नव्या व्हर्जनची आहे, एवढंच कॉम्प्युटर सांगत होता.

"ताई, उद्या मंगळवार. पहिली पत्रिका देवीपुढं ठेवल्याबिगर गावात एकबी वाटता येत न्हाई. मागच्या टायमाला तुमच्या पोरीनं अर्ध्या घंट्यात दिल्ती."

"मंग तिलाच विचारते," मी म्हणाले आणि फोन लावला.

"मम्मी, मी बाहेर निघालेय. पाठवू नको. फाइल नोटपॅडमध्ये उघड."

"त्यात काय दिसणार?"

"कचरा. पण वरच्या ओळींत व्हर्जनचा आकडा असतो. बघ जल्दी."

कचऱ्यात आकडा सापडला. सतरा.

"मग माझ्या तिथल्या जुन्या कॉम्प्युटरवर उघडेल की! तो काय भंगारात दिलास?"

"आतल्या खोलीत झाकून ठेवलाय."

"दोन वर्षं? मग मला कशाला पाठवत होतीस सगळ्या?"

"गिऱ्हाईक खोळंबलंय," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

आतल्या खोलीत तिच्या कॉम्प्युटरवरची जुनी चादर काढली, फाइल उघडली. वधूचं नाव, वराचं नाव, तारीख बदलली. खाली लहान मुलांच्या यादीत थोरलीच्या मुलाचं नाव घातलं आणि पहिली प्रत छापून दिली. गृहस्थांनी उभ्याउभ्या सगळी पत्रिका वाचली, "बराबर" म्हणाले आणि घडी न घालता पिशवीत ठेवली.

दुपारी कोणी आलं नाही. काम अर्धवट ठेवायची मला सवय नाही. मुलीच्या सगळ्या फायली एकेक करून नोटपॅडमध्ये उघडल्या आणि नावापुढे आकडा टाकत गेले. बहुतेक सतराच्या. शेवटी शेवटी ती लॅपटॉपवर काम करायची, त्या सहा फायली अठराच्या निघाल्या. लॅपटॉप तिच्याबरोबर नाशिकला गेला, म्हणजे या सहा इथे कुठेच उघडणार नाहीत.

सहाही एकदम पाठवल्या असत्या तर तिने संध्याकाळी बसून परत पाठवल्या असत्या. रीतसर काम तेच होतं. मी त्यांचं वेगळं फोल्डर केलं. ज्या घरचं लग्न निघेल, त्या घरची तेवढी एक पाठवायची.