मीडियम गणितांचा साहेब

केळीचा घड रेल्वेच्या डब्यात ठेवला की मऊ 'धप' असा आवाज व्हायचा. तरुणपणी केळी भरायच्या कामावर मी तो दिवसभर ऐकायचो. घडावर घड चढायचा आणि डबा कधी भरला ते कळायचं नाही. नातीच्या अभ्यासाचे किस्से माझ्याकडे असेच साठलेत. अर्थ फारसा लागत नाही, पण टाकवतही नाहीत.

*

निकिता, माझी नात, नोकरीच्या इंटरव्ह्यूसाठी कॉम्प्युटरची गणितं सोडवते. मी विचारलं, "किती अवघड असतात गं?"

"मीडियम, आजोबा."

"म्हणजे?"

"सोपी ते विचारत नाहीत. कठीण मला येत नाहीत."

मी चौथी शिकलेला. आमच्या वेळी गणित यायचं, नाहीतर मार बसायचा. मधलं काही नव्हतं.

*

दोन इंटरव्ह्यूंत ती नापास झाली. उत्तर यायचं, पण ती गप्प बसून सोडवायची. तिथे म्हणे डोक्यात काय चाललंय ते बोलत बोलत सोडवावं लागतं. बोलणं आमच्या घराण्यातच नाही. आता पुण्याच्या कंपनीचा तिसरा इंटरव्ह्यू शनिवारी होता, आणि तिथे दुसरा मौका नव्हता. म्हणून तिने मला समोर खुर्चीवर बसवून इंटरव्ह्यू घेणारा साहेब केलं.

"मी गप्प झाले की टोका."

पहिल्याच दिवशी ती गप्प झाली. काय विचारावं मला सुचेना, म्हणून मीही गप्प. अर्ध्या तासाने सूनबाई चहा घेऊन आली. दोघांकडे बघून दारातच थबकली आणि हळूच म्हणाली, "कोण गेलं?"

*

एका गणितात चौकटी होत्या. काहींत पाणी, काहींत जमीन. बेटं किती ते मोजायचं.

मी विचारलं, "महिना कोणता?"

"महिन्याचं काय काम?"

"आपल्या नदीच्या राजघाटावर वैशाखात खडक मोजावे तेवढे दिसतात. श्रावणात एकही नाही."

"आजोबा, हे पाणी चढत-उतरत नाही."

"मग ती नदी कसली?"

"साहेब लोक असे सवाल नाही करत," ती म्हणाली.

*

दुसऱ्या गणितात संत्री होती. सडकं संत्रं मिनिटाभरात शेजारच्याला सडवतं. सगळी सडायला किती मिनिटं? निकिता एका सडक्यापासून मोजायची, ते संपलं की दुसऱ्यापासून. दोन तास उत्तर चुकत होतं.

मी म्हटलं, "दुसरं सडकं तोवर थांबून बसतं का? केळीच्या वखारीत तर सगळी एकदमच कामाला लागतात."

तिने सगळं पुसलं, नव्याने लिहिलं. उत्तर बरोबर आलं. मग वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं, 'आजोबांची पद्धत'.

"माझी कुठली? केळीची आहे," मी म्हटलं.

*

शनिवारी इंटरव्ह्यू लॅपटॉपवर होता. मला दाराबाहेर बसवलं, कोणी आत जाऊ नये म्हणून. आतून तिचा आवाज येत होता. मग बंद झाला. बराच वेळ बंदच. या गप्प बसण्यानेच ती दोनदा नापास झाली होती. मला राहवेना. आत गेलो आणि रोजच्यासारखा खुर्चीवर जाऊन बसलो.

पडद्यावरचे साहेब म्हणाले, "रूम में कोई है?"

निकिताचा चेहरा उतरला. तिने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. "मेरे दादाजी हैं, सर. इनको समझाती हूँ तो बोल पाती हूँ."

साहेब म्हणाले, "तो इन्हीं को समझाइए."

ती बोलू लागली, थांबलीच नाही. मी मान हलवत राहिलो. शेवटी साहेबांनी मला विचारलं, "दादाजी, समझ में आया?"

खोटं बोलवेना. "नहीं साहब. पर इसको आ गया."

"बस, इतना ही देखना था," साहेब म्हणाले आणि पडदा काळा झाला.

हे बरं की वाईट, मला कळेना. मी निकिताकडे बघितलं. तिने लॅपटॉप मिटला, हसून माझी टोपी सरळ केली आणि चहा सांगायला बाहेर गेली.