जळक्या तेलाचे हात

माझे धाकटे दीर लाकूडतोडीच्या ठेक्यावर पेट्रोलची करवत चालवत. त्या करवतीच्या साखळीला सतत तेल लागते. मालक त्यासाठी ट्रकच्या इंजिनातून काढलेले काळे, जळके तेल देई. साखळी फिरू लागली की ते अंगभर उडे. भाऊजींच्या घामालासुद्धा गॅरेजचा वास येई. मनगटापासून कोपरापर्यंत पू भरलेले फोड होते. त्यांचे सदरे मी चिमट्याने उचलून भिजवी.

"तेल तरी बदला, नाहीतर काम. असे हे हात बरे व्हायचे नाहीत," डॉक्टरांनी बजावले. भाऊजींनी कधी नव्हे ते मनावर घेतले. "उद्या मालकाला तोंडावर सांगतो, वहिनी. चांगलं तेल द्या, नाहीतर करवत तुमची तुम्ही धरा!"

सकाळी मालक स्वतःच गाडी घेऊन दारात आला. भाऊजी पुढे बसायला गेले, तसा त्याने नाकाला रुमाल लावला. "थांब रे, सीट नवी आहे," म्हणत त्याने वर्तमानपत्र पसरले.

मला राहवले नाही. "हा वास तुमच्याच तेलाच्या डब्यातला आहे," मी म्हणाले.

मालक हसला. भाऊजी मात्र माझ्यावरच खेकसले, "वहिनी, तुम्ही आत जा बघू!" मग त्यांनी वर्तमानपत्राची दुमडलेली कडा सरळ केली आणि अंग चोरून त्यावर बसले. तेलाचा विषय निघालाच नाही. मला दोघांचीही शिसारी आली.

ते हात शेवटपर्यंत चिघळत राहिले, आणि भाऊजी शेवटपर्यंत त्या माणसाला देवमाणूस म्हणत राहिले.