हव म्हणजे ऐकलं

मेश्रामताई संगणकाच्या पडद्याला बोट लावून लेकरं मोजायच्या. पडद्यावर बोटांचे ठसे उठायचे. दर सोमवारी त्या स्वतःच ते ओल्या रुमालाने पुसायच्या आणि दुपारपर्यंत नवे उठवायच्या.

लेकरं म्हणजे कामं. नवा रायपूरमधली आमची संस्था खेड्यांतल्या आरोग्य केंद्रांना औषधं पोचवते. तिथे एजंट सॉफ्टवेअर आलं. आपण एक मोठं काम सांगायचं. ते त्याची छोटी कामं पाडतं आणि प्रत्येकाला एक एजंट लावतं. एजंट केंद्राला निरोप धाडतो, आलेलं उत्तर वाचतो आणि काम झालं असं त्याला वाटलं की हिरवी खूण करतो. मोठ्या कामाला सॉफ्टवेअर ‘पेरेंट’ म्हणतं. ते मात्र माणसानेच बंद करायचं. तो माणूस मी होतो.

ताईंची खुर्ची माझ्या शेजारी. पेरेंटला त्या ‘माय’ म्हणत. माझा हात ‘बंद करा’कडे गेला की विचारत, “भाऊ, लेकरं घरी आली का?”

“तेवीसपैकी तेवीस, ताई.”

“आकडा नको सांगू. तोंडं पाह्यली का?”

मला हे जास्तीचं वाटे. मी आकड्यांवर चालणारा माणूस आहे. घरचं सिलिंडर कोणत्या तारखेला लावलं, हेही भिंतीवर लिहून ठेवतो. आकडा जुळला की माझ्या दृष्टीने काम संपलं. ताईंना आकड्यांचा भरवसा नाही, कारण त्यांना ते कळत नाहीत, असं मी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात एक सूचना आली. बाळंतिणींना द्यायच्या एका इंजेक्शनच्या एका बॅचमध्ये कण दिसले होते. ती बॅच तेवीस केंद्रांतून बाजूला काढायची होती. दुपारी तीनला तेवीस हिरव्या खुणा झाल्या. खाली ओळ आली : ‘पेरेंट बंद करण्यास तयार.’ बंद केलं की केंद्रांमागचा तगादा थांबणार होता. मी हात नेला. ताईंनी खुर्ची ओढली आणि एकेक लेकरू उघडायला सुरुवात केली. सहाव्यापाशी त्या थांबल्या. तिथे केंद्राचं उत्तर एकाच शब्दाचं होतं : ‘हव’.

“हव म्हणजे हो, ताई. छत्तीसगढीत.”

“मले शिकवून राह्यला का? लगीन होऊन इकडं आली तवापासून आयकून राह्यली मी. हव म्हंजे ऐकलं. केलं असं कुठं म्हनला तो?”

त्यांनी फोन लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडे केंद्राचा औषधवाला होता.

“हव दीदी, मैसेज मिलिस.”

“डब्बा कहाँ हे?”

“फ्रिज म. एक शीशी निकाले हन, एक झन भरती हे न.”

“लगा डारेव का?”

“नइ दीदी. सिस्टर सिरिंज लाने गे हे.”

कुणी एक बाई तिथे बाळंतपणासाठी दाखल होती, तिला द्यायची बाटली बाहेर काढून ठेवली होती, फक्त सिरिंज यायची होती, आणि आमच्या पडद्यावर ते केंद्र हिरवं होतं. ताईंचा आवाज चढला नाही.

“ओ शीशी ला हाथ झन लगावव. सिस्टर ला फोन दे.”

बाटलीला हात लावू नको असं त्याला बजावून त्यांनी सिस्टरला बॅचचा नंबर दोनदा वाचायला लावला. दुसऱ्या बॅचचा एक डबा तिथेच होता, तो उघडायला सांगितला. चिकटपट्टी लावून बंद केलेल्या जुन्या डब्याचा फोटो येईपर्यंत त्यांनी फोन ठेवला नाही. मी घड्याळ पाहत होतो. अकरा मिनिटं लागली.

मग मी बाकीची लेकरं उघडली. नुसतं ‘हव’ आणखी आठ ठिकाणी होतं. फोन लावताना माझ्याकडून दोनदा नंबर चुकला. सात ठिकाणी डबा बाजूला काढलेला होता. आठव्या ठिकाणी निरोप वाचलेला होता, डबा फ्रिजमध्येच होता. तिथून अजून काही वापरलेलं नव्हतं. याआधी मी नुसता आकडा पाहून अशा किती ‘माय’ बंद केल्या? रजिस्टर काढलं : एकशे बेचाळीस. त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघांनी सगळ्या पुन्हा उघडल्या. तीन आठवडे लागले. ताई एकदाही म्हणाल्या नाहीत, ‘मी सांगत होते.’ त्यांनी फक्त एवढंच विचारलं, “काहून रे भाऊ, चेहरा उतरला तुझा? लेकरू उशिरा आलं तरी आलं.”

ती भीती गेलेली नाही. आजही हात ‘बंद करा’जवळ गेला की ती सिरिंज आणायला गेलेली सिस्टर आठवते. मी तिला कधी पाहिलेलं नाही.

डिसेंबरात ताई निवृत्त झाल्या. दुसऱ्या दिवशी मुलीकडे नागपूरला जाणार होत्या. निरोपाचा चहा झाला, समोसे झाले. खुर्चीवरची उशी पिशवीत भरत त्यांनी विचारलं,

“माह्या मागं तोंडं पाहत जाशील ना, भाऊ?”

मीही रायपुरातच वाढलेला. तोंडून आपसूक निघालं, “हव.”

ताईंनी पिशवी खाली ठेवली. माझ्या पडद्यावर त्या दिवसाची एक माय उघडी होती, खाली नऊ लेकरं, नऊही हिरवी. त्यांनी पहिल्यावर बोट ठेवलं.

“उघडून दाखव,” त्या म्हणाल्या.